वर वाचनालय, खाली ग्रंथालय : न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा आधार

आजचा विषय आहे न्यूयॉर्क शहराचं सार्वजनिक ग्रंथालय. म्हणजे फिफ्थ अॅव्हेन्यू आणि बेचाळिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरची ती संगमरवरी इमारत, जिच्या दाराशी दोन दगडी सिंह बसलेले आहेत. सिंह बहुतेकांनी चित्रात पाहिलेले असतात, आणि आतलं भलंमोठं वाचनदालनही. आज आम्ही बोलणार आहोत ते मात्र फारसं कुणी न पाहिलेल्या भागाबद्दल. तो भाग वाचनदालनाच्या बरोबर खाली आहे आणि गेल्या काही वर्षांपासून रिकामा आहे.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. मराठीत आपण ‘वाचनालय’ म्हणतो आणि ‘ग्रंथालय’ही म्हणतो. बोलताना दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण शब्दांची फोड केली तर दोन वेगळ्या जागा दिसतात. वाचनालय हे वाचण्याचं घर, ग्रंथालय हे ग्रंथांचं घर. पहिल्यात माणसं राहतात, दुसऱ्यात पुस्तकं. दोन्ही घरं एकमेकांना कशी जोडायची, हा ग्रंथालयाच्या वास्तुरचनेतला मूळ प्रश्न. न्यूयॉर्कच्या इमारतीने त्याचं जे उत्तर दिलं, तसं उत्तर आम्हाला दुसरीकडे सहसा दिसलेलं नाही. आणि शंभर वर्षांनी त्याच संस्थेच्या चालकांनी ते उत्तर जवळजवळ पुसून टाकायचं ठरवलं. तेव्हा जो वाद झाला तो दोन्ही बाजूंनी थोडा चुकीच्या मुद्द्यावर लढला गेला, असं आमचं मत आहे. ते आज मांडतो.

आधी इतिहास, थोडक्यात. या ग्रंथालयाचे तीन पूर्वज आहेत. पहिला जॉन जेकब अॅस्टर. कातड्यांच्या आणि जमिनींच्या व्यापारात अफाट श्रीमंत झालेला हा माणूस १८४८ साली वारला. ग्रंथालयासाठी त्याने चार लाख डॉलर ठेवले होते. त्यातून उभं राहिलेलं अॅस्टर ग्रंथालय १८५४ साली उघडलं. कुणीही यावं, बसून वाचावं, पुस्तक मात्र घरी नेता येणार नाही. इथवर ठीक. पण ते फक्त दिवसा उघडं असायचं. आता बघा, दाराला कुलूप नाही, फी नाही, अडवणारा कुणी नाही. तरीही दिवसभर कारखान्यात किंवा दुकानात राबणाऱ्या माणसाला ते बंदच. ‘सर्वांसाठी खुलं’ या शब्दांत वेळ मोजलेला नसतो, आणि खरी गोम तिथेच असते. हा धागा पुढे लागणार आहे.

दुसरा पूर्वज जेम्स लेनॉक्स. दुर्मीळ ग्रंथांचा मोठा संग्राहक. अमेरिकेत आलेली गुटेनबर्ग बायबलची पहिली प्रत त्याचीच. त्याच्या ग्रंथालयाची इमारतही देखणी होती. आत जायला सुरुवातीला प्रवेशपत्रिका लागायची. तिथे पुस्तकं वाचण्यापेक्षा पाहण्यासाठी अधिक होती. तिसरा सॅम्युएल टिल्डन, न्यूयॉर्क राज्याचा माजी गव्हर्नर, १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीतला उमेदवार. १८८६ साली तो वारला. मृत्युपत्रात त्याने शहरात मोफत ग्रंथालय आणि वाचनालय उभारण्यासाठी मोठी रक्कम ठेवली होती. वारस न्यायालयात गेले, मृत्युपत्र मोडलं गेलं, आणि शेवटी त्यातला काही भागच हाती आला. हे तिन्ही प्रवाह २३ मे १८९५ रोजी करार करून एकत्र आले. शहराने जागा दिली. त्या जागी क्रोटनचं जुनं जलाशय होतं, शहराला पाणी पुरवणारं; ते पाडून तिथे ग्रंथालय बांधायचं ठरलं. इमारतीचा खर्च शहराने उचलला, तो सुमारे नव्वद लाख डॉलरवर गेला. म्हणजे पुस्तकं खासगी विश्वस्तांची आणि घर जनतेचं. हा जोड नंतरच्या वादात फार महत्त्वाचा ठरला.

आता वास्तूकडे येऊ. इथे नायक वास्तुविशारद नाही, बरं का. नायक आहे एक डॉक्टर. जॉन शॉ बिलिंग्ज हा लष्करातला शल्यवैद्य. त्याने वॉशिंग्टनमध्ये लष्कराचं वैद्यकीय ग्रंथालय नावारूपाला आणलं होतं आणि त्याची प्रचंड सूची केली होती. नव्या संस्थेचा तो पहिला संचालक झाला. इमारत कशी हवी, हे त्याने एका छोट्याशा कागदावर रेखाटून दाखवलं. त्या रेखाटनाचं सार असं : वाचनदालन सगळ्यात वरच्या मजल्यावर न्यायचं, रस्त्याच्या गोंगाटापासून दूर, भरपूर उजेडात. आणि त्याच्या थेट खाली पुस्तकांच्या मांडण्या रचायच्या, एकावर एक सात मजले. १८९७ साली स्पर्धा झाली ती हा आराखडा गृहीत धरून. ती कॅरेर आणि हेस्टिंग्ज या जोडीने जिंकली. दोघेही पॅरिसच्या प्रसिद्ध कलाशाळेत शिकलेले. त्यांनी या हाडांच्या सांगाड्यावर व्हरमाँटच्या संगमरवराचं अंग चढवलं, कमानी दिल्या, जिने दिले. १९०२ साली कोनशिला बसली. १९११ च्या मार्चमध्ये, उद्घाटनाला तीन महिने उरले असताना, कॅरेर मोटार अपघातातल्या जखमांनी वारले. त्यांचं पार्थिव याच इमारतीत दर्शनासाठी ठेवलं होतं.

वरचं दालन सुमारे ३०० फूट लांब, ७८ फूट रुंद, आणि छत ५० फुटांहून उंच. एवढ्या दालनाची जमीन कशावर उभी आहे? त्या सात मजली मांडण्यांच्या लोखंडी खांबांवर. या मांडण्या खोलीत आणून ठेवलेलं फर्निचर नव्हेत. त्या म्हणजेच इमारत. ज्या पोलादी उभ्या पट्ट्यांवर पुस्तकांच्या फळ्या बसतात, त्याच पट्ट्या वरच्या दालनाचं वजन पेलतात. वाचक ज्या फरशीवर खुर्ची ओढून बसतो, ती फरशी अक्षरशः पुस्तकांच्या कपाटांनी उचलून धरलेली आहे.

न्यायशास्त्रात आधार आणि आधेय अशी एक जोडी आहे. ज्यावर काही असतं तो आधार, जे असतं ते आधेय. यावरचा नैयायिक पंडिताचा जुना विनोद आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पंडित तुपाचं भांडं घेऊन चालले होते. वाटेत त्यांना प्रश्न पडला, तुपाला पात्राचा आधार आहे की पात्राला तुपाचा? खात्री करून घेण्यासाठी त्यांनी भांडं उलटं केलं. पुढे काय झालं ते सांगायला नको. आम्ही हा विनोद वर्गात अनेक वर्षं सांगितला. तो एखाद्या ग्रंथालयाच्या चालकांना लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

ही यंत्रणा चालायची कशी, तेही पाहू. वाचक सूचीत पुस्तक शोधणार, चिठ्ठीवर क्रमांक लिहिणार, चिठ्ठी देणार. ती हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळीतून खाली योग्य त्या मजल्यावर जाणार. तिथला कर्मचारी पुस्तक काढून छोट्या उद्वाहकात ठेवणार, आणि ते सरळ वर येणार. आपल्याकडच्या ग्रंथपालांच्या भाषेत सांगायचं तर ही ‘मुक्तद्वार’ पद्धत नव्हे, वाचकाला मांडण्यांत शिरता येत नाही. या कमतरतेची भरपाई म्हणजे वेग. अंतर आडवं न ठेवता उभं ठेवलं, की पुस्तक आणि माणूस यांच्यात फक्त काही मजले उरतात.

२३ मे १९११ रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या उपस्थितीत उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारं लोकांसाठी उघडली. नोंद असलेली पहिली यशस्वी मागणी आली नऊ वाजून आठ मिनिटांनी. पुस्तक हातात पडलं काही मिनिटांतच. मागणारा होता डेव्हिड शुब, रशियातून आलेला तरुण. पुढे त्याने लेनिनचं चरित्र लिहिलं. आणि पुस्तक? निकोलाय ग्रोट या तत्त्वज्ञाचं, नीत्शे आणि टॉलस्टॉय यांच्या नैतिक आदर्शांची तुलना करणारं, तेही रशियन भाषेत. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटणारच. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. परदेशात नुकताच आलेला एक तरुण, हातात विद्यापीठाचं पत्र नाही, ओळख नाही. तो स्वतःच्या भाषेतलं एक अवघड पुस्तक मागतो आणि काही मिनिटांत ते त्याच्यापुढे येतं. या घटनेत ‘सार्वजनिक’ शब्दाची व्याख्या पूर्ण झालेली आहे.

दारं रात्री दहापर्यंत उघडी असत, रविवारीही. अॅस्टर ग्रंथालयाने दिवसा जे नाकारलं ते इथे संध्याकाळी मिळू लागलं. त्याची फळं बघा. १९३० च्या दशकात चेस्टर कार्लसन नावाचा माणूस दिवसा एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा. हाताने प्रती काढून तो कंटाळला होता. संध्याकाळी या ग्रंथालयात येऊन प्रकाशाचा आणि विजेचा संबंध सांगणारे लेख तो वाचत बसे. त्यातून कोरड्या छायाप्रतीचं तंत्र निघालं, ज्याला आज आपण सरसकट ‘झेरॉक्स’ म्हणतो. आल्फ्रेड काझिन हा ब्रुकलिनच्या गरीब वस्तीतल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबातला मुलगा. अमेरिकन गद्यसाहित्याचा इतिहास त्याने याच दालनात बसून सिद्ध केला. तो १९४२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा काझिन तिशीही ओलांडलेला नव्हता. या माणसांकडे वेळ कमी होता, आणि इमारतीने त्यांचा वेळ राखला.

इथे एस. आर. रंगनाथन यांची आठवण करू या. गणिताचे प्राध्यापक असलेल्या या माणसाने मद्रास विद्यापीठाचं ग्रंथालय हाती घेतलं आणि १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सूत्र : वाचकाचा वेळ वाचवा. मराठीत हे वाक्य फार सुंदर होतं. ‘वाचवणे’ म्हणजे राखणेही आणि वाचायला लावणेही. जो वेळ वाचला तोच वाचनाला मिळाला. बिलिंग्जचं रेखाटन हे या सूत्राचं, सूत्र लिहिलं जाण्याआधीचं, दगडालोखंडातलं रूप आहे.

आता वादाकडे. संग्रह वाढत गेला. मागच्या बाजूला ब्रायंट पार्क नावाचं उद्यान आहे, त्याच्या पोटात १९९१ साली पुस्तकांसाठी आणखी एक मजला तयार झाला. पुढे २००८ साली ग्रंथालयाने मोठी योजना जाहीर केली. एका वित्तव्यवसायी देणगीदाराने दहा कोटी डॉलर दिले आणि इमारतीला त्याचं नाव लागलं. योजना अशी : सात मजली मांडण्या काढून टाकायच्या, त्या पोकळीत नवं, उजेडाचं, पुस्तकं घरी नेता येणारं ग्रंथालय करायचं, रस्त्यापलीकडची मिड-मॅनहॅटन शाखा आणि विज्ञान-उद्योग शाखा विकायच्या आणि त्यांचे वाचक इथे आणायचे. मांडण्यांतली लाखो पुस्तकं शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, प्रिन्स्टनजवळच्या गोदामात जाणार होती. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर. डिसेंबर २०१२ मध्ये आराखडा लोकांसमोर आला. खर्च सुमारे तीस कोटी डॉलर सांगितला होता.

चालकांची बाजू आधी नीट मांडू, कारण ती पोकळ नव्हती. मांडण्यांत तापमान आणि दमटपणा राखण्याची आधुनिक सोय नव्हती, आगीपासूनचं संरक्षण अपुरं होतं. मिड-मॅनहॅटन शाखेची दुरवस्था झाली होती. तीन इमारती चालवणं महाग होतं. आणि त्यांचा सगळ्यात धारदार युक्तिवाद असा : मुख्य इमारत आजवर विद्वानांची होती, आता ती सर्वांची होईल. विरोध करणारे लेखक-प्राध्यापक मूठभरांचे हक्क जपत आहेत.

विरोधकांत मारिओ व्हार्गास ल्योसा यांच्यासारखी नावं होती. वास्तुसमीक्षक अॅडा लुईज हक्स्टेबल यांनी डिसेंबर २०१२ मध्ये यावर लेख लिहिला. नव्वदीत पोचलेल्या या बाई महिनाभरात वारल्या, त्यामुळे तो त्यांचा शेवटचा लेख ठरला. मांडण्या हे या वास्तूचं हृदय आहे, रचना आणि उपयोग यांची इथे इतकी एकजीव घडी बसली आहे की एक काढलं की दुसरं निरर्थक होतं, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते पटतं. पण ते पुरेसं वाटत नाही. हक्स्टेबल यांचा युक्तिवाद मुख्यतः कलाकृतीच्या अखंडतेचा होता. त्यावर चालक सहज म्हणू शकत होते की कलाकृती जपायची की माणसं? आणि तसं ते म्हणतही होते. विद्वान मंडळी संशोधनाच्या गरजा सांगत राहिली, चालक लोकशाहीची भाषा बोलत राहिले, आणि सामान्य वाचक चालकांच्या पदरात जाऊन पडला. आमच्या मते इथे विरोधकांनी आपलंच बलस्थान सोडून दिलं.

कारण, असा विचार करा. पुस्तक प्रिन्स्टनहून एका दिवसात आणून देऊ, असं आश्वासन होतं. याने कुणाचं अडतं? ज्या प्राध्यापकाला वर्षभराची अभ्यासरजा आहे, त्याचं फारसं अडत नाही. तो आज मागेल, परवा वाचेल. त्याच्याकडे विद्यापीठाचं ग्रंथालयही आहे. अडतं ते कार्लसनसारख्याचं, ज्याला एकच मोकळी संध्याकाळ आहे. त्यातही वाचनाचा स्वभाव असा की एक पुस्तक दुसऱ्याकडे बोट दाखवतं. तळटीप दिसली, मागणी दिली, अर्ध्या तासात दुसरं पुस्तक आलं, तर विचार पुढे सरकतो. प्रत्येक पावलाला एक दिवस लागला, तर नोकरदार माणसाचा विचार पहिल्याच पायरीवर थांबतो. थांबण्याची चैन ज्याला परवडते तोच पुढे जातो. म्हणजे ज्या योजनेला लोकाभिमुख म्हटलं गेलं, ती वेळेच्या हिशेबात श्रीमंतांच्या बाजूची होती. जलद पुस्तक ही विद्वानांची मिरास नव्हतीच. ती वेळ नसलेल्यांची मिरास होती. अॅस्टर ग्रंथालयाने दार उघडं ठेवून संध्याकाळ नाकारली. नव्या योजनेत दार आणखी रुंद होणार होतं आणि पुस्तकच लांब जाणार होतं.

कुणी म्हणेल, आता सगळं संगणकावर आहे. सगळं नाही. जुनी, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं मोकळेपणाने वाचता येतात, हे मोठंच काम झालं आहे. पण विसाव्या शतकातल्या असंख्य पुस्तकांची स्थिती मधल्यामध्ये लटकलेली आहे : हक्क संपलेले नाहीत, दुकानात मिळत नाहीत, पडद्यावर पूर्ण दिसत नाहीत. त्यांना कागदाशिवाय दुसरं घर नाही.

शेवट काय झाला? खटले झाले, खर्चाचे अंदाज वाढले, महापौर बदलले, आणि मे २०१४ मध्ये योजना रद्द झाली. पण पुस्तकं त्याआधीच, २०१३ मध्ये, मांडण्यांतून हलवलेली होती. भांडं आधी उलटं केलं आणि मग कळलं की उलटं करायला नको होतं. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की विरोधाच्या रेट्यामुळे आणि एका देणगीमुळे उद्यानाखालचा दुसरा मजला पूर्ण झाला, आणि आता तिथे सुमारे चाळीस लाख पुस्तकं मावतात. रुळांवरच्या छोट्या लाल गाड्या पुस्तकं वर आणतात. मिड-मॅनहॅटन शाखा विकली गेली नाही. ती नव्याने सजून २०२१ साली पुन्हा उघडली. म्हणजे वाचकाचा वेळ बराचसा वाचला. तूप सांडलं नाही, दुसऱ्या भांड्यात झेललं गेलं म्हणा.

पण पहिल्या भांड्याचं काय? २०१७ साली शहराच्या वारसा आयोगाने वरचं वाचनदालन आणि सूचीकक्ष यांना संरक्षित अंतर्भागाचा दर्जा दिला. रंगवलेलं छत, झुंबरं, लाकूडकाम आता कायद्याने सुरक्षित आहे. मांडण्यांनाही तो दर्जा द्यावा ही मागणी होती. ती मान्य झाली नाही. आधेय वाचलं, आधार उघड्यावर राहिला. वाचनालय जपण्याजोगं आणि ग्रंथालय अडगळ, असा हा निवाडा आहे. छायाचित्रं वरच्या दालनाची निघतात, म्हणून आपण जे दिसतं त्याला वास्तू म्हणतो आणि जे पेलतं त्याला सामान. इमारतीच्या मागच्या बाजूला, उद्यानाकडून पाहिलं, तर भिंतीत उंच, अरुंद खिडक्यांच्या ओळी दिसतात. त्या मांडण्यांच्या खिडक्या. पुढच्या दर्शनी भागात खांब, कमानी, पुतळे आहेत. मागची भिंत मात्र आत काय आहे ते सरळ सांगते. आम्हाला विचाराल तर या वास्तूचा सगळ्यात प्रामाणिक चेहरा तोच. आज त्या खिडक्यांमागे सात मजले रिकाम्या फळ्या आहेत, आणि त्या अजूनही वरचं दालन पेलून उभ्या आहेत.

यातून आपण काय घ्यायचं? ग्रंथालयाची इमारत पाहताना दोन प्रश्न हाताशी ठेवावेत. पहिला, पुस्तक मागितल्यापासून हातात पडेपर्यंत किती वेळ लागतो? दुसरा, तेवढा वेळ कुणाकडे असतो? ‘जुन्या संग्रहामुळे जागा अडते, तो बाहेर ठेवू आणि इथे वाचकांसाठी छानशी बैठक करू’, असा प्रस्ताव उद्या तुमच्या गावच्या ग्रंथालयाच्या सभेत आला, तर बैठकीला नाही म्हणू नका. फक्त उठून विचारा, बाहेर ठेवलेलं पुस्तक मला किती वेळात मिळेल? उत्तर मिनिटांत आलं तर हात वर करा. दिवसांत आलं, तर तो प्रस्ताव कितीही लोकांच्या नावाने मांडलेला असो, त्यातले काही लोक वगळलेले आहेत, हे नक्की समजा.

एवढं बोलून थांबतो.